सोसायटी कोसळली तर

२०२० सालच्या मार्च महिन्यात सगळी दुनिया जिथल्या तिथे थांबली, तेव्हा माझा भाचा आमच्या दिवाणखान्यात थांबला. आला होता दोन दिवसांसाठी, माझ्या बहिणीने दिलेला कुरडयांचा डबा पोचवायला. २४ मार्चच्या रात्री जाहीर झालं, की आता एकवीस दिवस जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं. भाचा त्या वेळी आमच्या दिवाणावर आडवा होता. तो तिथेच राहिला. कुरडया चार दिवसांत संपल्या.

भाचा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. (कसल्या, ते त्याने मला दोनदा समजावून सांगितलं होतं. तिसऱ्यांदा विचारायचा धीर मला झाला नाही.) दिवसभर कानात बोंडं घालून तो इंग्रजी सिनेमे पाहत असे. त्या सिनेमांत जगबुडी होऊन गेलेली असायची. मोठमोठ्या इमारतींवर वेली चढलेल्या, रस्त्यात मोटारी गंजत पडलेल्या, आणि एक दाढीवाला माणूस कुत्र्याला बरोबर घेऊन डबाबंद घेवडा शोधत हिंडतोय. आमच्या सौ. एकदा त्या पडद्यात डोकावल्या. "एवढं सगळं गाव मोकळं पडलंय, एक वस्तरा नाही सापडला मेल्याला?" एवढा अभिप्राय देऊन त्या लसूण सोलायला निघून गेल्या.

एके दिवशी चहाच्या वेळी भाच्याने एका कानातलं बोंड काढलं आणि विचारलं, "मामा, सोसायटी कोलॅप्स झाली, तर लाइट किती वेळ टिकेल?"

मी कपबशी खाली ठेवली. हा प्रश्न माझ्या अधिकारातला होता. मी आमच्या सोसायटीचा २००९ सालापासून सेक्रेटरी आहे. (निवडून आलो नाही. त्या वर्षीच्या वार्षिक सभेला पाच मिनिटं उशिरा पोचलो, तेवढ्यात झालो होतो.)

"अरे, सोसायटी कोलॅप्स होऊन सहा वर्षं झाली," मी म्हटलं. "चेअरमन आणि खजिनदार एकमेकांशी बोलत नाहीत. जे काय सांगायचं ते नोटीस बोर्डावर लिहितात. अकरा नंबर मेंटेनन्स भरत नाही. चार नंबरने पंपरूमच्या खिडकीला टेकून आपलं जुनं कपाट ठेवलंय आणि विचारलं तर तुळशीची शपथ घेऊन सांगतो की ते आपलं नाही. पण लाइट आहे की! काल जरा गेला होता, लगेच आला."

भाचा माझ्याकडे दयेने पाहत म्हणाला, "ती सोसायटी नाही हो मामा. सोसायटी म्हणजे समाज. सगळी सिव्हिलायझेशन."

"असं होय," मी म्हटलं. पण मला दोहोंत फारसा फरक वाटेना, आणि खरं सांगायचं तर अजून वाटत नाही.

आमची इमारत १९८६ सालची. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. महापालिकेचं पाणी जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून तीन हॉर्सपॉवरची एक मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते, आणि ती मोटर चालू-बंद करतात तात्या. तात्या वॉचमन. जिन्याखालच्या खोलीत राहतात. कागदोपत्री ती खोली म्हणजे मीटररूम. मूळचे करमाळ्याकडचे. त्यांचं पूर्ण नाव मस्टरवर असलं पाहिजे. पण त्या नावाने त्यांना कुणी कधी हाक मारलेली मी ऐकली नाही.

तर या सोसायटीच्या कार्यकारिणीची सभा त्याच महिन्याच्या एक तारखेला, रविवारी, झाली होती. विषय एकच: वॉचमन कॉमन मीटरवर टेबलफॅन वापरतो. तक्रार अकरा नंबरची. (मेंटेनन्स न भरणारा माणूस कॉमन मीटरच्या बाबतीत फार हळवा असतो, असा माझा अनुभव आहे.) पाऊण तास चर्चा झाली. फॅन किती युनिट खातो याचा खजिनदारांनी हिशेब मांडला, तो चेअरमननी अमान्य केला, आणि शेवटी सदर पंखा काढून टाकण्यात यावा असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. खाली सही माझी. तो कागद घेऊन मी तात्यांकडे गेलो. त्यांनी कागद लांब धरून वाचला, घडी घातली, आणि म्हणाले, "बरं. पर साहेब, मोटरीचं कसं करायचं मग?"

मोटरीच्या बेअरिंगचा आवाज येतो, अशी त्यांची जुनी तक्रार होती. मला वाटलं, तेच. मी म्हटलं, "मोटरीचं पुढच्या मीटिंगला बघू."

पंखा गेला. तो होता तात्यांचाच. पण 'सुरक्षित ठेवण्यासाठी' म्हणून अकरा नंबरने आपल्याकडे नेला.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला नव्हे, अण्णांना विचारायला हवं होतं. अण्णा नऊ नंबरमध्ये राहतात. तीस-बत्तीस वर्षं विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात कंट्रोलरूमला काढलेला माणूस. त्यांचं दार आमच्या समोरच. तेव्हा एकमेकांच्या घरी जायची सोय नव्हती, म्हणून ते आपल्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसत, आम्ही आमच्या उंबऱ्यात, आणि मधल्या जिन्यावरून गप्पा होत. अण्णांना निवृत्त झाल्यापासून कुणी विजेबद्दल काही विचारलं नव्हतं. भाच्याने विचारल्यावर त्यांनी आधी चष्मा पुसला.

"किती वेळ टिकेल? कोळशापासून धर," अण्णा म्हणाले. "यार्डात पंधरा दिवसांचा कोळसा आहे असं समज."

"मग पंधरा दिवस!" भाचा म्हणाला.

"कोळसा काय चालत जातो बॉयलरमध्ये? त्याला पट्ट्यावर घालायचा, गिरणीत टाल्कम पावडरसारखा दळायचा, मग फुंकायचा. आणि आपल्या कोळशात राख किती? शंभर किलो जाळलास की तीस-चाळीस किलो राखच हातात. ती काढणारा माणूस आला नाही, की बॉयलर तुंबला. कोळसा यार्डात आहे तसाच."

(पंधरा दिवस हा अण्णांचा आकडा उदार होता. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, देशभरच्या औष्णिक केंद्रांवर सरासरी जेमतेम चार दिवसांचा कोळसा उरला असल्याच्या बातम्या आल्या. अण्णांनी ते कात्रण आमच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं.)

मग अण्णांनी काट्याची गोष्ट सांगितली, ती मला बँकेतला माणूस असल्याने नीट समजली. वीज म्हणे मोठ्या प्रमाणात साठवून ठेवणं फार जिकिरीचं. त्यामुळे या क्षणाला देशात जेवढी लागते तेवढी याच क्षणाला तयार व्हावी लागते. जमा आणि खर्च बाजू दर सेकंदाला जुळल्या पाहिजेत. (आमच्या शाखेत त्या ३१ मार्चच्या रात्रीसुद्धा जुळत नसत.) ते जुळतंय की नाही, हे सांगणारा काटा म्हणजे फ्रीक्वेन्सी. ती ५० हर्ट्झ असावी लागते, ४९.९० आणि ५०.०५ यांच्या मध्ये ती राखायची, असा दंडक. लोकांनी एकदम मिक्सर लावले, काटा खाली. एकदम बंद केले, काटा वर. फारच हलला, की यंत्रं आपला जीव वाचवण्यासाठी एकामागून एक बाहेर पडतात. त्यांतलं एक बाहेर पडलं की उरलेल्यांवर भार येतो, मग तीही पडतात.

"आणि एकदा सगळं पडलं की?" भाच्याने विचारलं.

"मग खरी गंमत. औष्णिक केंद्र सुरू करायला आधी वीज लागते. पंप, पंखे, गिरण्या, सगळं विजेवर. म्हणजे वीज तयार करायला वीज हवी."

मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आम्हीही बँकेत कर्ज त्यालाच देत होतो, ज्याच्याकडे आधी पैसे आहेत. "मग पहिली वीज कोण देतं?" मी विचारलं.

"पाणी. झडपा उघडल्या, पाणी आलं, चाक फिरलं. कोयनेसारखी धरणं असतात म्हणून बरं. त्यांची थोडी वीज उसनी घेऊन बाकीचे उठतात. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत एकदम अंधारात गेला, साठ कोटींच्या वर माणसं. तेव्हाही असंच एकेकाला हाताला धरून उठवलं."

हे सगळं किती चटकन होतं, याची कल्पना मला त्या वेळी आली नव्हती. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. आणि अगदी अलीकडे, २८ एप्रिल २०२५ ला, स्पेनमध्ये भर दुपारी पाच सेकंदांत पंधरा हजार मेगावॅट गेले, स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही बंद. पाच सेकंदांत आमच्या चेअरमनचं 'सभेला सुरुवात करण्यापूर्वी' हे वाक्यसुद्धा पुरं होत नाही.

भाच्याला आकडा हवा होता. "पण अण्णा, समजा उद्यापासून कुणी कामावर आलंच नाही. किती तास?"

अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्याकडे तीन पाळ्या. रात्रपाळीचा माणूस सकाळच्या माणसाची वाट पाहतो. रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा नियम. एकदा पावसाने रस्ता तुटला आणि माझा रिलीव्हर आला नाही. तेव्हा सलग तीन पाळ्या बसलो. थोरलीचं बारसं त्या दिवशी होतं. म्हणजे बघ, पहिल्या दिवशी काहीच होणार नाही, कारण जो बसलाय तो बसून राहील. दुसऱ्या दिवशीही राहील. पुढे त्याला झोप येईल." एवढं बोलून त्यांनी खुर्ची आत घेतली.

फोनचं आणि पेट्रोलचं भाच्याने स्वतःच सोडवलं. फोनचे मनोरे आधी बॅटरीवर, मग डिझेलवर, डिझेल पंपावर, आणि पंप विजेवर. हे गणित त्याने दोनदा तपासलं आणि मग निमूटपणे सौ.ना लसूण सोलू लागला.

५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे मालवून पणत्या लावायच्या, असं सगळ्या देशाला आवाहन होतं. आमच्या जिन्यात उत्साह होता. अण्णांकडे नव्हता. ते सकाळपासून प्रत्येक मजल्यावर जाऊन, लांबूनच, "दिवे घालवा, पण पंखे आणि फ्रिज चालू ठेवा," असं सांगत होते. वीज खात्यांनीही तेच सांगितलं होतं म्हणा. नऊ वाजता सौ.नी पणत्या लावल्या आणि मी समोर पाहिलं. अण्णांच्या घरातले सगळे पंखे पाचावर होते. एप्रिलच्या उकाड्यात तो माणूस स्वेटर घालून, हातात मनगटी घड्याळ धरून बसला होता, आणि नजर भिंतीवरच्या एका झिरोच्या दिव्यावर. तो दिवा त्यांनी घालवला नव्हता. आजूबाजूच्या गच्च्यांवर थाळ्या वाजत होत्या. अण्णांचे ओठ हलत होते. मला वाटलं रामरक्षा म्हणताहेत. नंतर कळलं, ते मिनिटं मोजत होते.

दुसऱ्या दिवशी आकडे आले. देशाची विजेची मागणी त्या थोड्या वेळात एकतीस हजार मेगावॅटच्या वर खाली गेली होती. धरलेल्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त. काटा ५०.२६ पर्यंत चढला आणि ४९.७० पर्यंत उतरला. पाण्याच्या केंद्रांवर बसलेल्या लोकांनी चाकं आवरली आणि पुन्हा सोडली. कुठेही काही झालं नाही. "काही झालं नाही, म्हणून उद्या कुणाच्या लक्षातही राहणार नाही," अण्णा म्हणाले. पण आवाजात अभिमान असा होता, की जणू ते स्वतःच कोयनेला झडपेवर बसले होते.

आता एवढं ऐकून घेतल्यावर मलाही काही सांगायचा हक्क होता. मी भाच्याला म्हटलं, "तू सिनेमात पाहतोस. मी सात वर्षांचा असताना सोसायटी कोसळलेली प्रत्यक्ष पाहिली आहे."

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, आणि दुपारपर्यंत नदी पुण्याच्या पेठांत होती. आमचा वाडा सदाशिव पेठेत, उंचावर, म्हणून वाचला. नदीकाठच्या माणसांचं काय झालं, हे त्या वयात मला कुणी सांगितलं नाही. आमच्या ओसरीवर तीन अनोळखी बिऱ्हाडं राहायला आली, एवढं आठवतं. वीज गेली होती. नळ कोरडे पडले होते, कारण ज्या तलावातून पाणी यायचं तोच वाहून गेला होता. पण वाड्यात आड होता. त्याच्यावर रहाट होता. घरात कंदील होते, चूल होती, आणि वीज म्हणजे तरी माजघरात एक दिवा. तो गेलेला माझ्या आजीच्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

पेठेतल्या हौदांना कात्रजचं पाणी होतं, तेही त्या वेळी लोकांच्या उपयोगी पडलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून, जमिनीखालून नळ घालून हे पाणी शहरात आणलं. ना पंप, ना मोटर. सगळा कारभार उतारावर. पेशवाई १८१८ साली बुडाली. हौदांना ते कुणी कळवलं नाही. खाली निशाण बदललं, दप्तराची भाषा बदलली, आणि पुणेकर मात्र त्याच हौदावर तीच भांडणं करत पाणी भरत राहिले. खडकवासल्याचं धरण व्हायला त्यानंतर साठ वर्षं लागली.

"म्हणजे सोसायटी कोलॅप्स झाली, तरी साठ वर्षं पाणी टिकलं?" भाचा चकित झाला.

"उतार होता ना," मी म्हटलं. आमच्या इमारतीला उतार नाही. चढ आहे, चार मजल्यांचा.

एप्रिलच्या मध्याला ऊन चाळिशीला टेकलं. एका सकाळी सहाला नळाने घशात अडकल्यासारखा आवाज काढला आणि थांबला. दारावर 'कृपया बेल वाजवू नये' अशी पाटी मी स्वतःच्या हाताने लावली होती. तिला मान देऊन तात्या दाराबाहेर नुसतेच उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. मी दूध घ्यायला दार उघडलं तेव्हा म्हणाले, "साहेब, मोटर गेली."

पंपरूम म्हणजे पाच बाय पाचची खोली. खिडकीवर चार नंबरचं (किंवा कुणाचंच नसलेलं) कपाट, त्यामुळे आत भट्टी. जळक्या व्हार्निशचा वास जिन्यापर्यंत आला होता. अण्णा खाली उतरले, मोटरीला हात लावून झटकन मागे घेतला, आणि मग फरशीकडे पाहत राहिले. मोटरीच्या तोंडासमोर धुळीत एक स्वच्छ गोल चकती होती, ताटाएवढी.

"इथला पंखा कुठाय?" अण्णांनी विचारलं.

तात्या माझ्याकडे पाहायचं टाळून म्हणाले, "त्यो ठरावात गेला."

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ठरावाचा कागद त्यांनी दाराच्या मागे खिळ्याला नीट लावून ठेवलेला मला दिसला. पंखा त्यांनी कधी अंगावर घेतलाच नव्हता. खोलीची भट्टी होते, मोटर तापते, म्हणून दोन उन्हाळे ते आपला पंखा मोटरीकडे तोंड करून लावत होते आणि स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत होते. 'मोटरीचं कसं करायचं मग' याचा अर्थ मला दीड महिन्याने, अण्णांच्या देखत, कळला.

पुढचे छत्तीस तास आमची सोसायटी खरोखर कोसळली होती. खालच्या टाकीत पाणी होतं, वरच्या टाकीत नव्हतं, आणि मधे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या होत्या. बादल्यांची साखळी लावायची ठरलं. प्रत्येक पायरीवर अंतर राखून माणूस उभा. दुसऱ्या वळणावर योगायोगाने चेअरमननंतर खजिनदार आले. "धरा," चेअरमन म्हणाले. सहा वर्षांतला पहिला शब्द. "द्या," खजिनदार म्हणाले. पुढे बराच वेळ संभाषण याच पातळीवर राहिलं. पण त्याची नोटीस लावावी लागली नाही. भाच्याने पहिल्या दिवशी बावन्न बादल्या मोजल्या आणि संध्याकाळी सिनेमा न पाहताच झोपला. चौथ्या मजल्यावर चौदा नंबरच्या आजी एकट्या राहतात, वय शहाऐंशी. त्यांना पाणी कोण देणार, यावर मी एक यादी करायला घेतली, तेव्हा कळलं की तात्यांनी मला सांगायला येण्याआधीच त्यांच्या दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या.

मोटर रिवाइंड करायला हवी होती आणि शहरातलं प्रत्येक दुकान बंद होतं. मार्ग तात्यांनी काढला. त्यांच्या गावचा एक वाइंडर पुलापलीकडे राहत होता. शेजारच्या गल्लीत भाजीची हातगाडी होती, आणि भाजीला परवानगी होती. आमची मोटर कोबीच्या गड्ड्यांखाली झाकून निघाली. नाक्यावर हवालदाराने गाडी थांबवली, वरचा एक गड्डा हातात तोलला, भाव विचारला, "फारच महाग," म्हणाला आणि सोडून दिलं. वाइंडरने घरातच रात्रभर बसून तांब्याची तार भरली, दुसऱ्या दिवशी उन्हात व्हार्निश वाळवलं, आणि संध्याकाळी मोटर वांग्यांखालून परत आली. वाइंडरचे अठ्ठावीसशे रुपये. शिवाय गाडीवाल्याच्या मनधरणीसाठी दर घरटी दोन गड्डे. आमच्याकडे चार दिवस कोबी होता. भाच्याने एकदाही नाव ठेवलं नाही.

मोटर बसवायची त्या रात्री अण्णा बॅटरी धरून उभे होते. तात्या नट आवळत होते. खोलीच्या कोपऱ्यात एक कापडी पिशवी भरून, तोंड बांधून ठेवलेली दिसली. मी विचारलं, "ही कसली?"

"गावाकडची. बावीस तारखेला निघायचं हुतं. मंडळी एकटी हाय तिकडं."

"मग गेला का नाहीत?"

तात्यांनी पाना थांबवला. "किल्ल्या कुणाकडं द्यायच्या साहेब? समद्यांची दारं लागली. तुमच्या दारावर पाटी. म्हटलं, उद्या देतो. मग दुसऱ्या दिशी गाड्याच बंद."

अण्णा माझ्याकडे वळले आणि बॅटरीचा उजेड माझ्या तोंडावर आला. ते काही बोलले नाहीत. बॅटरी मात्र लगेच काढली नाही.

पंखा परत द्यायला ठराव रद्द करावा लागतो, आणि ठराव रद्द करायला सभा. सभा गच्चीवर, सहा-सहा फुटांवर खुर्च्या टाकून झाली. गणसंख्या भरली नाही म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा भरवली. अकरा नंबर आला नाही, पण पंखा जिन्यात आणून ठेवला होता, धुवून, पुसून. पंख्याला 'पंपाचे साहित्य' असं नाव देऊन तो सोसायटीच्या यादीत घ्यावा, अशी सूचना खजिनदारांनी केली. चेअरमननी ती चक्क मान्य केली. मग चौदा नंबरच्या आजींनी दारातूनच ओरडून विचारलं, की तात्यांना स्वतःच्या अंगावर वारा घ्यायला कोण देणार आहे? म्हणून दुसरा पंखा. तो अण्णांनी दिला, स्वेटरच्या दिवशी पाचावर होता त्यांतला.

२० ऑगस्टला परजिल्ह्याच्या एसट्या सुरू झाल्या. पिशवी घेऊन तात्या आमच्या दारात उभे राहिले. पाटी मी केव्हाच काढली होती. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला, कोणती कशाची ते सांगितलं, आणि म्हणाले, "आठ दिसात येतो. टाकी भरली का आवाज बदलतो, तेवढं ध्यान ऱ्हाऊ द्या."

मला आवाज बदललेला कळला नाही. पहिल्या दिवशी गच्चीवरून पाणी वाहून दोन नंबरच्या वाळवणावर आलं. दुसऱ्या दिवशी मी घाबरून लवकर बंद केली, तर चौथा मजला कोरडा. पुढे भाच्याने गच्चीवर उभं राहायचं आणि वरून ओरडायचं, अशी पद्धत बसवली. पण पहाटे पाचला ओरडण्याबद्दल नोटीस बोर्डावर तीन तक्रारी आल्या. त्यांतल्या एकीखाली चेअरमन आणि खजिनदार दोघांच्याही सह्या होत्या. मी पंपरूममध्ये स्टुलावर बसून मोटरीकडे पाहत राही. दोन्ही पंखे मी मोटरीकडेच लावले होते. मला त्यांतला एक माझ्याकडे वळवायचा धीर होत नव्हता.

आठ दिवस झाले. तात्या आले नाहीत. नवव्या दिवशीही नाहीत. सौ. म्हणाल्या, "अहो, जरा वर येऊन पडा. भाचा बसेल." मी गेलो नाही. अकराव्या दिवशी सकाळी फाटकाची कडी वाजली. हातात गावच्या शेंगांची पिशवी. मंडळीला ताप होता, म्हणाले, आता बरं आहे. पिशवी खाली ठेवून आधी मोटरीवर तळहात ठेवला, मान हलवली, आणि मग किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

मी किल्ल्या लगेच दिल्या नाहीत. रजिस्टर काढलं, तारीख घातली, घड्याळात पाहून सहा वाजून दहा मिनिटं अशी वेळ लिहिली, तात्यांची सही घेतली, आणि मगच स्टुलावरून उठलो.